पदव्या सातासमुद्रापारच्या, शोध नोकरीचा

आजच्या धाराशिव तालुक्यातील कसबे तडवळे या गावी २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदार परिषद भरली होती. परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः आले होते आणि त्यांचा मुक्काम गावच्या शाळेत होता. तडवळ्याच्या जुन्या शाळेची ती इमारत त्यामुळे आजही जिल्ह्याच्या आठवणीत आहे. समोर बसलेला समाज पिढ्यान्पिढ्या गावकामगारकी करणारा होता. वतनाची थोडी जमीन आणि बलुत्याचे धान्य यांच्या बदल्यात सरकारचे आणि गावाचे पडेल ते काम करायचे, वेळेचा हिशेब नाही, ठरलेला पगार नाही, आणि एक माणूस आजारी पडला तर घरातल्या दुसऱ्याने उभे राहायचे, अशी ती चाकरी होती. तिच्यात उमेदवारी नव्हती, बढती नव्हती, राजीनामाही नव्हता.

व्यासपीठावरचे पाहुणे कोलंबिया विद्यापीठाचे पीएच.डी., लंडन विद्यापीठाचे डी.एस्सी. आणि ग्रेज इनचे बॅरिस्टर होते. या पदव्यांची नावे मराठवाड्यातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. त्या पदव्या मिळवताना आणि मिळवल्यानंतर पोटापाण्याची सोय कशी झाली, हा भाग मात्र चरित्रांमधून चार-दोन ओळींत उरकला जातो. वास्तविक १९१३ ते १९२८ या पंधरा वर्षांत शिष्यवृत्ती, करारपत्र, शिकवण्या, हंगामी प्राध्यापकी, मित्राचे कर्ज आणि अर्धवेळ व्याख्याने या वाटेने बाबासाहेबांना जावे लागले. परदेशी शिक्षण घेणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला त्यातल्या बऱ्याच गोष्टी ओळखीच्या वाटतील. काही मात्र कोणत्याही विद्यार्थ्याच्या वाट्याला येऊ नयेत अशा आहेत.

भीमराव रामजी आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले. त्या वेळच्या सत्कारसभेपासून कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षक-लेखकाचे त्यांच्याकडे लक्ष होते. पुढे महाविद्यालयाचा खर्च सुभेदार रामजींना पेलवेना, तेव्हा केळुसकरांनीच त्यांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापर्यंत नेले. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. तिच्या आधारावर एल्फिन्स्टन कॉलेजातून भीमराव १९१२ साली बी.ए. झाले.

पुढचे पाऊल नोकरीचेच होते. जानेवारी १९१३ मध्ये ते बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. वडिलांना हा बेत पसंत नव्हता. बडोद्यात अस्पृश्य तरुणाला काय सोसावे लागेल याची सुभेदारांना कल्पना असावी. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच वडील आजारी असल्याची तार आली आणि भीमराव मुंबईला परतले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदारांचे निधन झाले. घरात पत्नी रमाबाई आणि दोन महिन्यांचा यशवंत. बडोद्याला परत जावे की जाऊ नये, या विचारात ते असताना महाराज काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला पाठवणार असल्याचे कळले.

महाराजांची भेट झाली, निवड झाली आणि ४ जून १९१३ रोजी बडोद्यात करारपत्रावर सह्या झाल्या. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, मुदत तीन वर्षांची. अट एकच होती. शिक्षण संपताच परत येऊन संस्थानची दहा वर्षे नोकरी करायची. शिक्षणाआधीच नोकरी ठरून गेली होती. आजच्या भाषेत याला बाँड म्हणतात. तीन वर्षांच्या शिक्षणासाठी दहा वर्षांची सेवा हा सौदा कडक वाटतो, परंतु बावीस वर्षांच्या त्या तरुणापुढे दुसरी वाट नव्हती. महाराजांचा हेतूही स्वच्छ होता. शिकलेला माणूस त्यांना संस्थानच्या कारभारात हवा होता.

जुलै १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. प्रथम हार्टली हॉल या वसतिगृहात उतरले, पण तिथले जेवण मानवेना. मग कॉस्मोपॉलिटन क्लब आणि त्यानंतर लिव्हिंग्स्टन हॉल. तिथे नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी त्यांची मैत्री जमली. हे नाव पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे. परदेशातल्या वसतिगृहात जुळलेली मैत्री आयुष्यभर कशी उपयोगी पडते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

साडेअकरा पौंडांत न्यूयॉर्कमध्ये राहायचे, खायचे, पुस्तके घ्यायची आणि त्यातूनच घरी रमाबाईंना पैसे पाठवायचे, असा हिशेब होता. सुरुवातीचे काही महिने नव्या शहराच्या नवलाईत गेले, पण लवकरच भीमरावांनी स्वतःला अभ्यासाला जुंपले. मुदत तीन वर्षांची आहे, वाढेलच असे नाही, हे त्यांना ठाऊक होते. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, शिवाय समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र आणि राज्यशास्त्र, इतका पसारा त्यांनी त्या मुदतीत मांडला. एम.ए.ला लागतील त्याहून हे कितीतरी अधिक होते. पोटाला चिमटा घेऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे दोन हजार ग्रंथ जमवले.

लाला लजपतराय त्या काळी न्यूयॉर्कमध्ये होते आणि हिंदी विद्यार्थ्यांना राजकीय चळवळीत ओढण्याचा त्यांचा प्रयत्न असे. आंबेडकरांनी नकार दिला. शिष्यवृत्ती ज्या कामासाठी मिळाली ते आधी पुरे करायचे, अशी त्यांची भूमिका होती. पुढे ज्यांचे सारे आयुष्य चळवळीत गेले, त्यांनी विद्यार्थिदशेत हा संयम पाळला, ही गोष्ट त्यांच्या अनुयायांनीही फारशी मनावर घेतलेली दिसत नाही.

१९१५ साली एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवरचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला. पीएच.डी.चा प्रबंधही तयार झाला. मात्र कोलंबियाचा नियम असा होता, की प्रबंध छापून त्याच्या ठराविक प्रती विद्यापीठात दाखल केल्याशिवाय पदवी प्रदान करायची नाही. छपाईला पैसे कुठले? प्रबंधाचे पुस्तक लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने १९२५ साली काढले आणि पीएच.डी. विधिवत मिळाली ती ८ जून १९२७ रोजी. न्यूयॉर्क सोडल्यानंतर तब्बल अकरा वर्षांनी!

कोलंबियातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी आपल्या या विद्यार्थ्यासाठी लंडनच्या विद्वानांच्या नावे परिचयपत्रे दिली. सिडनी वेब त्यांपैकी एक. ओळखीच्या अशा चिठ्ठ्यांना त्या काळी फार मोल होते, आजही आहे. ती घेऊन १९१६ च्या उन्हाळ्यात आंबेडकर लंडनला आले. ऑक्टोबरमध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ११ नोव्हेंबर रोजी ग्रेज इनमध्ये त्यांनी नाव घातले. अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरी असा दुहेरी बेत त्यांनी आखला, त्यामागे दूरदृष्टी होती. नोकरी दुसऱ्याच्या हाती असते. वकिलीची सनद स्वतःच्या.

तथापि बडोद्याने दिलेली वाढीव मुदत वर्षभराचीच निघाली. शिष्यवृत्ती संपली आणि करारानुसार परत येण्याचा निरोप आला. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या शिफारशीने लंडन विद्यापीठाने एक सवलत दिली. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत आल्यास अभ्यास पुढे चालू करता येणार होता. ही मुदत गाठीशी बांधून ते निघाले. पहिले महायुद्ध चालू होते. सामान वेगळ्या बोटीने पाठवले होते, ती बोट शत्रूच्या पाणतीराने बुडाली आणि पुस्तकांचा मोठा ठेवा समुद्रात गेला. २१ ऑगस्ट १९१७ रोजी आंबेडकर मुंबईत उतरले तेव्हा बडोद्याला जाण्यापुरतेही पैसे जवळ नव्हते. थॉमस कुक कंपनीकडून बुडालेल्या सामानाची भरपाई म्हणून ६०० रुपये मिळाले. त्यातले काही घरी ठेवून त्यांनी बडोद्याची गाडी पकडली. पुस्तके बुडाली म्हणून नोकरीवर हजर होता आले, असा हा दैवदुर्विलास.

बडोद्यात त्यांची नेमणूक महाराजांचे लष्करी सचिव म्हणून झाली. पुढे त्यांना अर्थखात्याची जबाबदारी द्यावी, असे सयाजीरावांच्या मनात होते. स्थानकावर कोणीतरी उतरवून घ्यायला यावे, असा महाराजांचा हुकूमही होता. कोणी आले नाही. महाराजांचा हुकूम आणि कचेरीतल्या शिपायाची वागणूक यांत फार अंतर होते. शिपाई फायली दुरून टेबलावर टाकत. कचेरीत प्यायला पाणी मिळत नसे.

राहण्याचा प्रश्न तर सुटतच नव्हता. हिंदू खाणावळी अस्पृश्याला बंद. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून त्यांनी खोली मिळवली. अकराव्या दिवशी सकाळी कचेरीला निघण्याच्या वेळी हातात काठ्या घेतलेल्या दहा-बारा पारशांनी त्यांना गाठले आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याचे फर्मावले. दोन मित्रांकडे, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, त्यांनी आसरा मागून पाहिला. दोघांनीही काही ना काही कारण सांगून टाळले. दिवाण मनुभाई मेहता यांच्याकडूनही मार्ग निघाला नाही. रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट पाहत दोन विद्यापीठे पाहून आलेला हा विद्वान बडोद्याच्या सार्वजनिक बागेत बसून राहिला. बाबासाहेबांनी या प्रसंगाविषयी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणांत स्वतः लिहून ठेवले आहे.

यानंतरही प्रयत्न संपले नाहीत. केळुसकरांनी खटपट करून बडोद्यातल्या एका प्राध्यापकांच्या घरी राहण्याची व्यवस्था जुळवत आणली. आंबेडकर पुन्हा बडोद्याला गेले, तर घरातल्या मंडळींचा विरोध असल्याचा निरोप स्थानकावरच हाती पडला. आल्या पावली ते मागे फिरले. करारातली दहा वर्षांची नोकरी अशी निवाऱ्याअभावी बुडाली. कामात कसूर झाली म्हणून नव्हे, लायकी कमी पडली म्हणूनही नव्हे. राज्याचा प्रमुख पाठीशी असूनही गावात एक खोली मिळाली नाही, म्हणून ती गेली. दोष मात्र कागदोपत्री नोकराकडेच राहिला. शिष्यवृत्तीची रक्कम परत करण्याचा बडोदा दरबारचा तगादा पुढे कित्येक वर्षे चालू होता आणि ती मागणी अखेर सोडून देण्यात आली.

मुंबईत त्यांनी शिकवण्या धरल्या. मग व्यापाऱ्यांना आणि रोख्यांत पैसा गुंतवणाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय काढून पाहिला. अर्थशास्त्राच्या ज्ञानाचा याहून सरळ उपयोग तो कोणता? सुरुवात चांगली झाली. सल्लागार अस्पृश्य असल्याचे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि दुकान बंद पडले. अशा दिवसांतही त्यांचे लिखाण थांबले नव्हते. शेतजमिनीच्या तुकड्यांवरचा त्यांचा निबंध याच काळात, १९१८ साली, अर्थशास्त्रविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लहान धारणक्षेत्राचे खरे दुखणे जमिनीच्या आकारात नसून शेतीवर पोसल्या जाणाऱ्या जास्तीच्या माणसांत आणि भांडवलाच्या अभावात आहे, उद्योग वाढल्याशिवाय शेती सुधारणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. रोजगाराच्या शोधात असलेल्या माणसाने लिहिलेला हा रोजगाराचाच निबंध आहे. कोरडवाहू मराठवाड्यात तो अजूनही शिळा झालेला नाही.

मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा रिकामी झाली तेव्हा आंबेडकरांनी अर्ज केला. मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांच्याशी लंडनमध्ये त्यांचा परिचय झाला होता. त्या ओळखीचाही त्यांनी उपयोग करून घेतला. नोव्हेंबर १९१८ मध्ये दरमहा ४५० रुपयांवर नेमणूक झाली. नेमणूक हंगामी होती. सुरुवातीला विद्यार्थ्यांना या नव्या प्राध्यापकाचे विशेष वाटले नाही. थोड्याच दिवसांत चित्र पालटले. त्यांची व्याख्याने ऐकायला इतर कॉलेजांचे विद्यार्थीही येऊन बसू लागले. प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या माठाला त्यांनी हात लावू नये, असा आक्षेप मात्र काही सहकाऱ्यांनी घेतलाच.

साडेचारशे रुपये म्हणजे त्या काळी भक्कम पगार. त्यावर एखाद्याने चांगले बिऱ्हाड थाटले असते. आंबेडकर परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांतच राहिले. रमाबाईंच्या हाती घरखर्चाची ठरलेली रक्कम द्यायची आणि बाकीची लंडनसाठी शिल्लक टाकायची, असा नेम त्यांनी सोळा महिने पाळला. विद्यापीठाने दिलेली चार वर्षांची मुदत त्यांच्या डोळ्यांपुढे होती. या शिलकीचा मोठा वाटा रमाबाईंच्या काटकसरीचा आहे. लंडनच्या पदवीवर त्यांचे नाव नाही, एवढेच.

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ पाक्षिक सुरू झाले. मार्चमध्ये प्राध्यापकी संपली. त्याच महिन्यात माणगाव परिषद झाली आणि कोल्हापूरचे शाहू महाराज त्यांच्या पाठीशी उभे राहिले. स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे साह्य आणि नवल भथेना यांनी उसने दिलेले पाच हजार रुपये एवढ्या पुंजीवर जुलै १९२० मध्ये आंबेडकर पुन्हा बोटीवर चढले. या वेळी करारपत्र नव्हते आणि परतल्यावर नोकरीची हमीही नव्हती.

लंडनमधल्या या तीन वर्षांची वर्णने वाचताना मन विषण्ण होते. सकाळी घरमालकिणीकडचा तुटपुंजा नाश्ता, दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बैठक, दुपारच्या जेवणाला बहुधा फाटा, रात्री पुन्हा अभ्यास. भूक लागली की ओळखीच्या हिंदी गृहस्थाने दिलेले पापड भाजून खायचे. त्यात एक मोठा घाव हुंडणावळीने घातला. १९२० च्या आरंभी एका रुपयाला दोन शिलिंगांहून अधिक मिळत. १९२१ मध्ये तोच रुपया एक शिलिंग चार पेन्सच्या आसपास घसरला. दोन शिलिंगांच्या दराने पाच हजार रुपयांचे पाचशे पौंड होतात, एक शिलिंग चार पेन्सच्या दराने जेमतेम ३३३. रुपयांत शिल्लक आणि पौंडांत खर्च असलेल्या विद्यार्थ्याला दर महिन्याला ही घसरण जाणवत असणार. या विद्यार्थ्याच्या प्रबंधाचा विषयही रुपयाचाच होता. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ चलनशास्त्राच्या अभ्यासकांनी वाचलाच पाहिजे, पण हुंडणावळीच्या चढउतारावरची त्याची पाने त्याच्या लेखकाचे तेव्हाचे खिसे आठवून वाचावीत.

जून १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टरी. जर्मनीत बॉन विद्यापीठात शिकण्याचाही प्रयत्न करून झाला. डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी काही भाग पुन्हा लिहिण्यासाठी परत केला, तोपर्यंत पैसे संपत आले होते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले. सुधारलेला प्रबंध मुंबईहून पाठवला आणि त्या वर्षअखेर डी.एस्सी. मिळाली.

आता तरी नोकरीचा प्रश्न मिटायला हवा होता. तो मिटला नाही. वकिलीची सनद काढायलाही पैसे नव्हते. पुन्हा नवल भथेनाच मदतीला आले. उच्च न्यायालयात वकिली सुरू झाली, पण मुकदमे देणारे सॉलिसिटर या अस्पृश्य बॅरिस्टरकडे सहसा फिरकत नसत. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या गरीब अशिलांची कामे घेत त्यांनी जम बसवला. जोडीला जून १९२५ पासून मार्च १९२८ पर्यंत बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायद्याचे अर्धवेळ अध्यापन केले. जून १९२८ मध्ये सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. १९३५ साली ते त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले. कोलंबिया आणि लंडन इथल्या दोन डॉक्टरेट असलेल्या माणसाला चाळिशीच्या उंबरठ्यापर्यंत अर्धवेळ तासिकांवर संसार चालवावा लागला, ही वस्तुस्थिती आहे. या काळात त्यांनी चार अपत्ये गमावली. महाडचा सत्याग्रह, ‘बहिष्कृत भारत’ आणि मुंबई विधिमंडळातले काम हे सारे याच मिळकतीवर आणि याच वर्षांत झाले.

मुलांना शिकण्यासाठी आधी राहायला जागा लागते, हे बडोद्याने शिकवलेले ते विसरले नाहीत. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि तिने पहिले वसतिगृह काढले ते आपल्या शेजारच्या सोलापुरात, जानेवारी १९२५ मध्ये. मुंबई सोडून सोलापूर निवडणे यात व्यवहार होता. खेड्यातल्या पोरांना तिथवर येणे शक्य होते.

वतनाचा प्रश्न त्यांनी १९२८ साली विधिमंडळात मांडला. वंशपरंपरागत चाकरीत सुधारणा करणारे विधेयक त्यांनी आणले, पण ते तडीस गेले नाही. तडवळ्याची परिषद ही त्याच लढ्यातली पुढची एक पायरी. वतनदारी हे बाबासाहेबांच्या लेखी मानाचे पान नव्हते. गावगाड्याच्या त्या खुंटीला बांधलेला माणूस शहरातली नोकरी शोधू शकत नाही, मुलाला शिकवू शकत नाही, असा त्यांचा अनुभवाचा हिशेब होता. दहा वर्षांच्या करारात ते स्वतः अडकले होते. वतनाचा करार तर जन्माआधीच झालेला असे.

तडवळ्यानंतर दीड वर्षाच्या आत, जुलै १९४२ मध्ये, ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी व्हाइसरॉयला अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन दिले. त्यात नोकऱ्यांतील राखीव जागांची मागणी होती, तशीच परदेशातील उच्च शिक्षणासाठी आणि तंत्रशिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्त्यांचीही. १९४३ साली केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी सव्वाआठ टक्क्यांहून थोड्या अधिक जागा राखण्यात आल्या. शिक्षणासाठी वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद झाली आणि काही विद्यार्थी परदेशी गेले. इंग्लंडच्या कारखान्यांत हिंदी कारागिरांना प्रत्यक्ष कामाचे शिक्षण देणारी बेव्हिन योजना १९४१ पासून चालू होती. तीही त्यांच्याच खात्याच्या अखत्यारीत होती. आज ज्याला इंटर्नशिप म्हणतात त्याच धर्तीचे हे शिक्षण होते. युद्ध संपताना सैन्यातून मोकळ्या झालेल्या जवानांसाठी सेवायोजन कार्यालये उघडली गेली, तीही याच खात्याच्या काळात. जिल्ह्याच्या ठिकाणी नाव नोंदवायला रांगेत उभ्या राहिलेल्या मराठवाड्यातल्या कित्येक पिढ्यांना या कार्यालयांचा उगम ठाऊक नसेल.

बडोद्याने घातलेली सेवेची अट बाबासाहेबांना त्रासदायक ठरली होती, पण परदेशातून शिकून आलेल्यांनी समाजाचे देणे फेडावे, ही त्यांची अपेक्षा मात्र अखेरपर्यंत टिकून होती. तिच्या पूर्तीबाबत ते समाधानी नव्हते. शिकलेले तरुण मोठ्या पगाराच्या नोकरीत रमले आणि मागे वळून पाहिनासे झाले, ही खंत त्यांनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षात जाहीरपणे बोलून दाखवली.

जुलै १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले आणि त्याचे वर्ग सकाळी भरू लागले. दिवसा कचेरीत किंवा गिरणीत काम करणाऱ्या तरुणाला नोकरी न सोडता पदवी घेता यावी, यासाठी ती वेळ ठेवली होती.

हैदराबाद संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले तेव्हा मराठवाड्याच्या पाच जिल्ह्यांत उच्च शिक्षणाची स्थिती दयनीय होती. उस्मानाबादच्या मुलाला पदवीसाठी हैदराबादला जावे लागे आणि तिथल्या उस्मानिया विद्यापीठात १९१८ पासून शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. घरात मराठी, पदवी उर्दूत, अशी ही आपल्याच राज्यातली परदेशवारी होती. बाबासाहेबांनी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९५० च्या जूनमध्ये महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसवण्यात आली. केंद्रीय कायदेमंत्रिपदाचा आणि प्रकृतीचा भार असतानाही बाबासाहेब औरंगाबादला येत आणि बांधकामात बारकाईने लक्ष घालत. वर्गखोल्यांबरोबर तिथे वसतिगृहेही उभी राहिली. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून वळकटी घेऊन निघालेली मुले तिथे राहून शिकली आणि त्यांतूनच शिक्षक, वकील, अधिकारी, कवी आणि कथाकारांची एक अख्खी पिढी बाहेर पडली.

५ जून १९५२ रोजी कोलंबिया विद्यापीठाने त्यांना एलएल.डी. ही सन्मान्य पदवी दिली. ती घेण्यासाठी बाबासाहेब जातीने न्यूयॉर्कला गेले. एव्हाना ते मंत्रिपदावर नव्हते आणि लोकसभेची निवडणूकही हरलेले होते.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली सुरू झाले. १४ जानेवारी १९९४ रोजी त्याला बाबासाहेबांचे नाव जोडले गेले, त्यासाठी मराठवाड्याने सोळा वर्षांचा नामांतराचा लढा पाहिला. त्या विद्यापीठाचा उपपरिसर आता धाराशिवलाच आहे. परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलामुलींसाठी राज्य शासनाची एक शिष्यवृत्ती आहे. तिला नाव राजर्षी शाहू महाराजांचे आहे.